छत्तीस हजार क्वाचा

हे मला एनिफाने सांगितलं,
सरोवराच्या काठी, मासळीच्या मांडवाखाली.
मी तिथे पाण्याचा पंप दुरुस्त करायला गेलेला.
एक वॉशर म्झुझुहून यायचा होता,
म्हणजे वेळच वेळ.

त्या रविवारी उपदेश लांबला म्हणे.
पत्रे तापले, स्तोत्रांची पुस्तकं पंख्यासारखी हलू लागली.
फालेसीचं लक्ष पहिल्या बाकावर:
अकरा मुलं. आईबाप टेकडीवरच्या मातीत.
पायांत चपलांचे सहा जोड.
तिने दोनदा मोजले.
बाहेर आल्यावर मैत्रिणींना म्हणाली,
"मघाशी 'आमेन' कोण कोण म्हणालं?"
चौघीही म्हणाल्या होत्या.
"मग लागा कामाला."

उसिपा म्हणजे करंगळीएवढी मासळी.
रात्री होड्या दिवे घेऊन निघतात,
पहाटे त्यांच्याकडून टोपल्या उधारीवर घ्यायच्या,
बांबूंवर पसरायच्या, उलटायच्या, कावळे हाकलायचे.
शनिवारी मिनीबसच्या टपावर पोती
आणि वासावरून कंडक्टरशी भांडण.
ताओंगा भाव करणार, लुसुंगू ओझं उचलणार,
वही एनिफाकडे,
डबा फालेसीच्या फळीवर. कोकोचा, झाकण चेमटलेला.
प्रभूने दोन माशांत भागवलं, ताओंगा म्हणायची,
आपलं मेलं दोन पोत्यांतही भागेना.

मे महिन्यात वही आणि डबा जुळेनात.
बारा हजार कमी.
एनिफाने तीनदा मोजलं,
मग दार लावून चौथ्यांदा.
त्याच आठवड्यात फालेसीचा नातू तापाने फणफणलेला,
आणि औषधाच्या दुकानातून बाहेर पडताना तिला
तिघींनीही पाहिलं होतं, तीन वेगळ्या कोपऱ्यांवरून.

विचारायचं कुणी?
तिघी एकमेकींशी म्वेरा वाऱ्याबद्दल बोलल्या,
यंदा तो लवकर सुटला, एवढंच.

मग नातवाला बघायला एकेक जण गेली.
एनिफा मंगळवारी. फालेसी चहा ठेवायला मागे वळली
तेव्हा झाकण उघडताना केवढा आवाज झाला,
सगळ्या गावाने ऐकला असेल असं वाटलं.
बुधवारी कोण गेलं, गुरुवारी कोण,
ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.
फालेसीच्या अंगणातल्या दोन कोंबड्या
शनिवारी दिसल्या नाहीत, हेही
नंतर आठवलं.

महिनाअखेरीस खजिनदार मांडांनी चष्मा पुसला, नोटा मोजल्या,
वही पाहिली, पुन्हा मोजल्या.
छत्तीस हजार जास्त.
"कमी असते तर समजू शकलो असतो," ते म्हणाले,
"माणसंच आहोत. पण जास्त?
याचा हिशेब मी कुणाला देऊ?"

चौघी जमिनीकडे बघत.
या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात;
इथे हात आठ,
आणि आठांनाही एकच वास.

आधी फालेसीला उमगलं.
चितेंजेचं टोक तोंडावर दाबून ती हसत राहिली, बराच वेळ.
ते हसूच होतं का,
एनिफाला शपथेवर सांगता येणार नाही.

पाच जोड चपला आले, थोरल्या मुलीची फी गेली,
आणि खजिनदारांनी, दोन दिवस खोळंबून,
वहीत लिहिलं: मासळी, जास्तीची.

मी म्हटलं, माझ्या भाषेत
छत्तीसचा आकडा म्हणजे वैर.
वाळूत काडीने काढून दाखवला:
तीन इकडे तोंड करून, सहा तिकडे,
एकमेकांकडे पाठ.

एनिफाने मान तिरकी करून पाहिला.
"वैर कुठलं? पहाटे वारा सुटला की
मासळी राखताना आम्ही अशाच तर बसतो,
पाठीला पाठ टेकून. नाहीतर गारठून मरू."
मग काडी माझ्या हातातून घेऊन
तिनाच्या पाठीवर टेकवत म्हणाली,
"यातली फालेसी कुठली?"